घराचं कार्ड

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळचा पहिला पेशंट खुर्चीत, तोंडात कापूस, आणि दारात पोलीस. पेशंटने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच फरार आहे.

सब-इन्स्पेक्टर साळवी. माणूस सभ्य, बाहेर बाकावर बसून माझं काम संपायची वाट बघितली. खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातली होडी गेल्या महिन्यात वादळात उलटली, दोघे पोहून वाचले, दोघे भाऊ सापडले नाहीत, हे पेपरात वाचलं होतं. नावं वाचली नव्हती. मोरेश्वर आणि दिगंबर. आपल्या हिराबाईंचे मुलगे. दात दाखवायला येताना आठवणीने सुकट आणणाऱ्या हिराबाई.

आता वर उत्तरेला किनाऱ्यावर एक मृतदेह मिळालाय. एकच. फार दिवस पाण्यात होता. कपडे नाहीत, चेहरा ओळखण्यासारखा नाही. दोघा भावांत दोन वर्षांचं अंतर, उंची-बांधा सारखा. आईने पोलिसांना सांगितलं, दोघांनी दाताला कॅप चारकोपच्या डॉक्टरीणबाईंकडे बसवल्या. साळवी म्हणाले, "तुमच्याकडे रेकॉर्ड असेलच ना मॅडम."

म्हटलं, असेलच. अगदी सहज म्हणून गेले.

९ सप्टेंबर

कार्ड मिळालं. प्रमिलाने पाच मिनिटांत काढलं. चौदा वर्षं माझ्याकडे असिस्टंट, त्याआधी दहा वर्षं कारखानीस सरांकडे, कपाट तिला तोंडपाठ.

वर लिहिलंय: हिराबाई, कोळीवाडा. खाली अख्खं घर. हिराबाईंच्या काढलेल्या दाढा. त्यांच्या मालकांची कवळी (ते जाऊन सहा वर्षं झाली, कवळी कार्डावर आहे). थोरल्या सुनेची अक्कलदाढ. नातीचा दुधाचा दात. ही सरांची पद्धत. माणसागणिक केसपेपर नाही, घरागणिक एक कार्ड. सर मुलुंडला राहायला गेले आणि क्लिनिक माझ्याकडे आलं, त्याबरोबर कपाटं आली, कार्डं आली. लोकांना आवडतं ते. नवीन सून आली की सासू हक्काने सांगते, हिला आमच्या घराच्या कार्डावर घ्या.

आता नोंद. चार वर्षांपूर्वीची, जूनमधली. मासेमारी बंद असते तेव्हा कोळीवाडा दाताची सगळी कामं उरकून घेतो. एकाच तारखेखाली दोन ओळी.

३६ – रूट कॅनल, कॅप.
४६ – रूट कॅनल, कॅप.

३६ म्हणजे खालची डावी दाढ. ४६ खालची उजवी. एका भावाची डावी, दुसऱ्याची उजवी. कुठल्या भावाची कुठली? लिहिलेलं नाही. नाव नाही. 'थो.' नाही, 'धा.' नाही. एक अक्षर टाकायला काय झालं होतं?

एक्स-रे तेव्हाच देऊन टाकले. छोट्या पाकिटात घालून पेशंटच्या हातात, "नीट ठेवा हं" म्हणून. सगळेच देतात. हिराबाईंना फोन केला, म्हणाल्या, घर दुरुस्तीत कपाट हललं तेव्हा गेले असतील.

सरांचा असा राग आलाय. घराचं कार्ड म्हणे. घराला काय दात असतात?

११ सप्टेंबर, गुरुवार

दुपारचे पेशंट पुढे ढकलून शवागारात गेले. साळवींनी आधी मोबाइलवर फोटो पाठवले होते. फ्लॅशचा उजेड सरळ दातांवर, त्यामुळे दातच दिसत नव्हते.

शवविच्छेदनाचा फॉर्म बघितला. दातांसाठी एक ओळ. त्या ओळीत: "३२. ठीक."

३२! पुढचे सहा दात पाण्यात गळून गेलेत. एका मुळाचे दात असे जातात, माहीत असणाऱ्याला माहीत असतं. एक धातूची कॅप आहे. दोन दाढा बुजवलेल्या आहेत. आणि हे सगळं "ठीक". तोंड उघडून बघितलं तरी होतं का कोणी? ड्यूटीवरचा डॉक्टर तरुण होता, दमलेला. म्हणाला, मॅडम, आम्हाला फॉर्ममध्ये एवढंच विचारलेलं असतं. त्याच्यावर आवाज चढवला. मग बाहेर येऊन वाटलं, त्याच्याकडे निदान एका माणसाला एक फॉर्म आहे.

माझा आरसा आणि टॉर्च नेला होता. कॅप खालच्या डाव्या दाढेवर. उजवी स्वतःची, शाबूत. म्हणजे ३६ वाला. हसऱ्या फोटोंवरून जुळवता आलं असतं, पण पुढचे दातच नाहीत.

दाढेचा एक्स-रे हवा म्हणून सांगितलं. त्याला पत्र लागतं. पत्राला सही लागते. सही करणारे साहेब सोमवारी.

डीएनएसाठी हिराबाईंचं आणि मोरेश्वरच्या मुलीचं रक्त घेऊन गेलेत. आईच्या रक्तावरून मुलगा आहे एवढं कळेल. कोणता, ते नातीच्या रक्तावरून. पण रिपोर्ट कधी येईल, यावर सगळे हात वर करतात. दोन महिने, चार महिने. जे काम माझ्या कार्डाने एका दुपारी व्हायला हवं होतं.

१४ सप्टेंबर, रविवार

मुलुंडला सरांकडे. भांडायलाच गेले होते. खोटं कशाला लिहू.

सर आता ऐंशीच्या पुढे. गॅलरीत बसलेले, कान थोडे गेलेत, बाकी ठणठणीत. कार्डाची झेरॉक्स त्यांच्या मांडीवर ठेवली आणि जे काय मनात होतं ते सगळं बोलले. की ही पद्धतच चुकीची होती. की कॉलेजात शिकवतात माणसागणिक नोंद ठेवा, सगळ्या दातांचा तक्ता भरा, आणि आपण फक्त ज्या दाताचं बिल तो दात लिहितो. की दोन बायका आज कुंकू लावावं का पुसावं या विचारात बसल्यात, ते तुमच्या घराच्या कार्डामुळे.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग झेरॉक्स डोळ्यांजवळ नेली. म्हणाले, "हे अक्षर माझं नाही गं."

मी झेरॉक्स ओढून घेतली. अक्षर माझं.

"मी नाव लिहीत नव्हतो, कारण मला पाठ असायचं. दिवसाला दहा पेशंट यायचे. तुझ्याकडे किती येतात? तू का नाही लिहिलंस?"

काकूंनी चहा आणला. मी तो तसाच ठेवून उठले, तर सर म्हणाले, चहा पिऊन जा, राग माझ्यावर आहे, चहावर कशाला. प्यायले. बस मुलुंडहून सुटल्यावर रडू आलं. अपमानाने आलं की कशाने, सांगता येत नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

एक्स-रे झाला. साळवींनी फिल्म क्लिनिकवर आणून दिली. उजेडाच्या डब्यावर लावली आणि बघताक्षणी दाढ ओळखली.

काम माझंच. शंकाच नाही. कारण पुढच्या मुळात, अगदी टोकाशी, एक पांढरी बारीक रेघ आहे. तुटलेल्या सुईचं टोक. मुळं साफ करायची जी बारीक सुई असते, आम्ही फाइल म्हणतो, ती कधीकधी आत मोडते. सगळ्यांच्या हातून मोडते. टोक निघालं तर काढायचं, नाही निघालं तर तिथेच ठेवून वर भरून टाकायचं, आणि पेशंटला सांगायचं, आणि लिहून ठेवायचं.

मी सांगितलं नाही. आणि लिहिलं तर नाहीच.

तो दिवस आठवतोय. अर्धा तास घाम गाळला होता त्या टोकासाठी. प्रमिला कपाळ पुसत होती माझं. मग भरून टाकलं, कॅप बसवली, म्हटलं, झालं, छान झालं. आणि कार्डावर मुद्दाम थोडक्यात लिहिलं. लिहिलं की पुरावा होतो, हे मी वकिलाच्या भाषणात ऐकलं होतं. उद्या कोणी केस केली तर?

दाढ आठवते. मुळाचं वळण आठवतं. हिरडीचा रंगसुद्धा आठवतो. ती कोणाच्या तोंडात होती, ते आठवत नाही. दिव्याखाली मी चेहरा बघतच नाही. इतक्या वर्षांत हे कधी खटकलं नव्हतं.

साळवींना एवढंच म्हटलं की काम माझं आहे. कशावरून, ते सांगितलं नाही.

१८ सप्टेंबर

हिराबाई दोन्ही सुनांना घेऊन आल्या. थोरली सुरेखा, मोरेश्वरची. धाकटी ज्योती, दिगंबरची, लग्नाला तीन वर्षं. क्लिनिक बंद करून तिघींना आत बसवलं. नवऱ्याची कॅप कुठल्या बाजूला होती, ते आपलं आपण आठवा म्हटलं.

सुरेखा म्हणाली, उजवीकडे, नक्की, तो सगळं डावीकडेच चावायचा. ज्योती म्हणाली, यांचीच उजवीकडे होती, झोपताना त्या गालाखाली हात घ्यायचे. दोघींच्या नवऱ्याची उजवी. म्हणजे डावीवाला कोणाचाच नाही.

मग सुरेखाला विचारलं, तू समोर बसून बघायचीस ना, मग तुझी उजवी की त्याची उजवी? ती स्वतःच्या गालाला हात लावून बसली, मग दुसऱ्या गालाला. ज्योतीनेही तसंच केलं. आरशात बघितल्यासारखं सगळं उलटंपालटं झालं. खोटं दोघींपैकी कोणीच बोलत नव्हतं. सापडलेल्याची कॅप डावीकडे, हे त्यांना साळवींकडून कळलं होतं; जसं हवं तसं आठवत होतं, एवढंच. मला ते समोर बसून दिसत होतं आणि त्यांना तिथे नेऊन बसवणारी मी.

येताना तिघी एका रिक्षाने आल्या होत्या. जाताना ज्योती वेगळी गेली.

२० सप्टेंबर, शनिवार

अंधेरीला आमच्या डेंटिस्ट लोकांची महिन्याची सभा. मला दहा मिनिटं द्या म्हटलं होतं, तीही नव्या लेझरवाल्या कंपनीच्या भाषणानंतर मिळाली, जेवणाच्या आधी. म्हणजे सगळ्यांचं लक्ष दाराकडे.

नावं न घेता सगळी हकिगत सांगितली. विचारलं, किती जण प्रत्येक पेशंटच्या सगळ्या दातांची नोंद ठेवतात? हात मोजण्यात अर्थ नव्हता. एकाने सांगितलं, जुनी कार्डं दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. एकाचं सगळं कॉम्प्युटरवर होतं, ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर ती बंद पडली, आता उघडतच नाही. एक मुलगी, नवीनच पास झालेली, म्हणाली माझे सगळे एक्स-रे व्हॉट्सॲपवर आहेत ना मॅडम. फोन हरवला तर? हसली.

मग आमचे घाटकोपरचे मित्र उठले. माणूस मोठा, प्रॅक्टिस मोठी. म्हणाले, "कॉलेजात फॉरेन्सिकचा एक धडा होता, मी तो ऑप्शनला टाकला होता. तरी पास झालो." खूप हशा. पुढे म्हणाले, संमतीपत्र मात्र सगळ्यांनी नीट ठेवा, ग्राहक मंचात तेच उपयोगी पडतं.

माझा तोल गेला. म्हटलं, म्हणजे स्वतःला वाचवायचा कागद आपण जपून ठेवतो आणि पेशंटला नाव मिळवून देणारा कागद रद्दीत घालतो. आपल्याशिवाय शेवटी कोणी त्याला ओळखू शकणार नाही अशी वेळ येते आणि आपण म्हणणार ऑप्शनला टाकला? लाज वाटत नाही?

अध्यक्ष म्हणाले, मॅडम भावुक झाल्यात, आपण जेवण घेऊ या.

जेवले नाही. परतताना रिक्षात सारखं डोक्यात होतं की एवढं तोंड वाजवलं आणि सुईच्या टोकाबद्दल चकार शब्द काढला नाही. ते सगळे हसणारे निदान ढोंग करत नव्हते.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

हिराबाई एकट्या आल्या. रविवार, क्लिनिक बंद, घरी आल्या. प्रमिलाकडून पत्ता घेतला असणार. अवि, माझा नवरा, दार उघडून आत निघून गेला, त्याला असल्या वेळी सुचत नाही.

आज वाडीत सगळ्यांकडे पितरांची पानं वाढली. यांच्याकडे नाही. दिरांनी विचारलं, नाव कोणाचं घेणार? एकाचं घेतलं आणि तो जिवंत असला तर? दोघांचं घेतलं तर? नाही घेतलं तर जो पडलाय तिथे तो उपाशी.

मग म्हणाल्या, "डाक्टरीन बाय, तू लिवलंस तर पोर देतील ना? कोनचाबी लिव. दोगंव माजेच."

मी म्हटलं असं लिहिता येत नाही. त्यांनी वाद घातला नाही. पदराने डोळेही पुसले नाहीत, त्या रडत नव्हत्याच. पायऱ्या उतरताना मी हात धरायला गेले, तर हात सोडवून घेतला.

रागावल्यात माझ्यावर. रागवायलाच पाहिजे.

२३ सप्टेंबर, मंगळवार

प्रमिलाला आठवलं. निदान ती तसं म्हणते. सकाळी उपकरणं उकळत ठेवता ठेवता म्हणाली, "मॅडम, माका बरोबर आठावता. थोरलोच होतो डाव्या बाजूचो. मीच कापूस देय होतंय."

म्हटलं, नक्की? म्हणाली, देवाशपथ.

मग लक्षात आलं, ज्योती तिच्या भाचीच्या वर्गातली. लग्नाला बोलावणं होतं हिला. तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं. दिवसभर धुसफुसत होती.

संध्याकाळी साळवी. चहा घेतला आणि हळूच म्हणाले, मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात. तुमचं नावानिशी सर्टिफिकेट आलं, असिस्टंटचा जबाब आला, आईची हरकत नाही, तर मी देह देऊ शकतो. डीएनए येईल तेव्हा येईल. "बॉडी किती दिवस ठेवायची तिथे, तुम्हीच सांगा."

वाईट हेतू नाही माणसाचा. आईची हालत त्यालाही बघवत नाही. आणि मलाही मोह झाला. मोरेश्वर, चार अक्षरं, खाली सही, शिक्का. मग दिगंबर परत आला नाही तर डीएनए येईपर्यंत कोणाला कळणार होतं? आणि परत आला तर वाहवाच.

पण ज्योती तीन महिने खिडकीत बसणार ती माझ्या भरवशावर. सुरेखा बांगड्या फोडणार त्या माझ्या भरवशावर. आणि माझ्याकडे काय आहे? भाचीच्या मैत्रिणीवरची माया.

उद्या सांगते म्हटलं.

२५ सप्टेंबर

लिहिलं. दोन पानं, हाताने. टायपिंगला बाहेर द्यायची हिंमत नव्हती.

की खालच्या डाव्या दाढेचं काम मी अमुक तारखेला केलं. त्यात माझ्याकडून सुई मोडली, टोक आत राहिलं, एक्स-रेमध्ये दिसतंय तेच ते. पेशंटला मी सांगितलं नाही. नोंद केली नाही. दोघा भावांची नोंद एकाच कार्डावर नावाशिवाय केली. पेशंट दोघांपैकी एक, यापलीकडे मला सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही हा दोष माझा आहे.

अविला वाचून दाखवलं. त्याचं म्हणणं, दोष वगैरे शब्द काढ, कोणी मागितलाय का तुझा कबुलीजबाब? पोलिसांना हवं तेवढं दे. उद्या वकील उभा केला त्यांनी तर प्रॅक्टिसची वाट लागेल. बरोबर आहे त्याचं. असंच सांगणाऱ्या वकिलाचं ऐकून मी चार वर्षांपूर्वी लिहिलं नव्हतं.

शब्द ठेवले. साळवींनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. "हे वाचून मला काही फायदा नाही मॅडम," एवढंच म्हणाले.

२८ सप्टेंबर, रविवार

फेरीबोटीने कोळीवाड्यात गेले. पत्र पोलिसांकडे आणि माणसं अंधारात, हे बरं दिसत नव्हतं.

ओट्यावर बसवलं मला. हिराबाई, सुरेखा, ज्योती. दोघी सुनांच्या मध्ये सासू. जाळी तशीच गुंडाळून ठेवलेली. सुईचं सगळं सांगितलं, शक्य तितक्या सोप्या शब्दांत. माझ्या हातून मोडली, आत राहिली, मी लपवलं. शिव्या खायच्या तयारीने गेले होते. हिराबाईंनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग सुरेखाने विचारलं, "म्हंजे ते दुखत असंल का त्याला?"

म्हटलं, कधीकधी दुखतं. चावताना. थंडीत.

"हां, म्हनायचा तो. थंडीचा होडीवर जाताना गालाला फडका बांधायचा..."

आणि थांबली. तोंड उघडंच राहिलं. तिला कळलं आपण काय बोललो. ज्योतीलाही कळलं. सुरेखा घाईघाईने म्हणाली, दात काय सगळ्यांचेच दुखतात थंडीचे, सगळेच फडका बांधतात. माझ्याकडे बघून म्हणाली, "हो ना बाय? सगळ्यांचेच दुखतात ना?"

मी म्हटलं, हो, सगळ्यांचेच दुखतात.

ते खरंही आहे. ती उजवी दाढही दुखत असेल, दुसरीच कुठली तरी दुखत असेल. याच्यावरून काहीही ठरत नाही, पुरावा म्हणून याला शून्य किंमत. मी ते परत परत स्वतःला सांगतेय. ज्योती उठली, सासूला ओलांडून सुरेखाच्या बाजूला येऊन बसली. तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. सुरेखाने तो झटकला नाही, धरलाही नाही.

बोटीपर्यंत पोचवायला कोणी आलं नाही. साळवींना यातलं काही सांगणार नाही.

९ ऑक्टोबर

घराची कार्डं बंद. प्रमिला आणि मी रोज दुपारी दोन तास कपाट उपसतोय. माणसागणिक कागद. नाव, जन्मसाल, सगळ्या दातांचा तक्ता, एक्स-रेची एक प्रत माझ्याकडे. जुन्या नोंदी कोणाच्या, ते फोन करून विचारायचं. निम्म्यांना आठवत नाही. ज्यांना आठवतं त्यांचंही मी आता लगेच खरं धरत नाही.

पेशंट वैतागलेत. आमचं एकत्र होतं ते बरं होतं, म्हणतात. एका बाईंनी विचारलं, दुखतोय एक दात, बाकीचे एकतीस कशाला मोजताय? कारण सांगितलं. त्या उठून उभ्या राहिल्या. सणासुदीचं काय अभद्र बोलता डॉक्टर. बोलणार. अजून बोलणार.

घाटकोपरच्या मित्रांचा फोन आला. तो तक्ता छापलेला आहे का तुमच्याकडे, असेल तर पाठवा, सहज बघतो. सहज! पाठवला.

प्रमिला परवा म्हणाली, "मॅडम, त्या दिसाचा माका खराच आठावत नाय." मी म्हटलं, मलाही नाही गं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

हिराबाई आल्या. नेहमीसारख्या, नंबर लावून, बाकावर बसून. कोळीवाड्यात गेले त्यानंतर पहिल्यांदा. दात दुखतो का विचारलं, तर नाही. "माजे नावाचा कागद कर," म्हणाल्या. "आमच्या घराचा नको. माजा एकटीचा."

सात दात उरलेत. एकेक बघून लिहिला. नसलेलेही लिहिले, कोणता कधी काढला ते त्यांनी सांगितलं, मोरेश्वरच्या वेळी एक, दिगंबरच्या वेळी एक. नाव विचारलं तर पूर्ण सांगितलं, नवऱ्याचं, सासऱ्याचं, गावाचं. लिहून झाल्यावर वाचून दाखव म्हणाल्या. वाचलं. मान हलवली.

मला माफ केलंय असं नाही. कागद नीट झाला की नाही ते बघायला आल्या होत्या.

२२ ऑक्टोबर

दिवाळी संपत आली. रिपोर्ट नाही. साळवींना फोन केला तर म्हणाले, रांग आहे तिथे मॅडम. मेल्यावरही रांग. प्रयोगशाळेला पत्र लिहिलं, उत्तर नाही. दुसरं लिहिलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी साळवींचा फोन. रिपोर्ट आलाय. पाकीट बंद आहे, उद्या अकराला चौकीत घरच्यांसमोर उघडणार. काय आहे हो, विचारलं. खरंच माहीत नाही म्हणाले. खरंच माहीत नसावं.

उद्याचे सगळे पेशंट रद्द केले. प्रमिलाही येते म्हणाली.

संध्याकाळी हिराबाईंचा फोन. तू ये, म्हणाल्या, पोरी घाबरल्यात, एकीबरोबर मी बसेन, दुसरीबरोबर तू बस. बरं म्हटलं. फोन ठेवायच्या आधी विचारलं, मी कोणाबरोबर बसू?

मग त्या म्हणाल्या, "ता कसा सांगू आता?"